कोल्ड बॉक्स तपासायला पाठवण्याआधी

नवी लस येणार म्हटले की आमच्याकडे कोल्ड बॉक्सची, म्हणजे लस थंड ठेवून नेण्याच्या पेट्यांची, मागणी वाढते आणि पाठोपाठ तक्रार येते, "तुमच्या बॉक्समध्ये लस गोठली." बॉक्स मागवून बघावा तर तो ठणठणीत. डेटा लॉगरचा, म्हणजे आतले तापमान नोंदवत राहणाऱ्या यंत्राचा, आलेख मात्र सगळे सांगतो: झाकण लावल्यावर थोड्याच वेळात तापमान शून्याखाली. आईस पॅक डीप फ्रीझरमधून काढून तसेच आत भरलेले असतात.

असा पॅक उणे 20 अंशांच्या आसपास असतो, आणि बहुतेक लशींना हवेत 2 ते 8 अंश. पॅक बाहेर सुटे मांडून ठेवा. त्यांना पाझर फुटला आणि कानाशी हलवल्यावर आत पाणी डुचमळले की मगच भरा. किती मिनिटे, हे आम्ही सांगत नाही. ते खोलीतल्या उकाड्यावर ठरते. "मग थंडावा टिकणार कसा?" हा प्रश्न नेहमीचा. आतला सगळा बर्फ वितळेपर्यंत पॅक शून्याच्या आसपासच राहतो, काळजी नसावी.

जुन्या हातांकडून ही चूक जास्त होते. पोलिओचे थेंब, बीसीजी, गोवर या लशी गोठल्याने बिघडत नाहीत, त्यामुळे घाई खपून गेली. हेपेटायटिस बी किंवा धनुर्वाताची लस एकदा गोठली की वाया गेली. त्यात कुपीवरचा व्हीव्हीएम (उष्णतेने रंग बदलणारी खूण) फक्त उष्णतेची नोंद ठेवतो. गोठलेल्या कुपीवरही तो निर्धास्त दिसतो. म्हणून नव्या लशीचे माहितीपत्रक आधी वाचा. काही एमआरएनए लशींना उणे 60 अंशांखालची साठवण लागते. तिथे कोरडा बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) येतो, आणि त्याचा वायू बाहेर पडायला वाट नसेल तर बॉक्स फुटू शकतो. तसले काम असेल तर आधी आमच्याशी बोला.

"पॅक गोठवून, भरूनच पाठवा" असेही सांगितले जाते. आम्ही तसे करत नाही. वाटेत ते किती वितळले हे तुम्हाला कळणार नाही आणि आम्हालाही. बॉक्स बदलून देण्याआधी आलेख मागतो तो अविश्वासाने नव्हे. नवा बॉक्सही तसाच भरला गेला तर पुढची खेपही हातची जाईल.

माणसे सारखी बदलत असतील तर गोठण-रोधक बॉक्स घ्या. त्यात पॅक आणि कुप्या यांच्यामध्ये जादा अस्तर असते, पॅक थेट भरता येतात. तो जड आहे आणि कुप्या कमी मावतात, हे आधीच सांगतो. नाहीतर निदान पॅकचा दुसरा संच ठेवा, म्हणजे एक कामावर असताना दुसरा फ्रीझरमध्ये तयार होत राहील. संच आमच्याकडे सुटेही मिळतात.