एसक्यूएल क्वेरीतला सिंटॅक्स एरर

डेटाबेसला दिलेली कमांड, म्हणजे क्वेरी, एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेच्या व्याकरणात बसली नाही की सर्व्हर ती चालवतच नाही, वाचता वाचताच थांबतो, त्याला सिंटॅक्स एरर म्हणतात. ही भाषा आयबीएमच्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये सीक्वेल नावाने मांडली, १९८६ मध्ये तिला अमेरिकेचं प्रमाण मिळालं. प्रमाण एक असलं तरी किती ओळी हव्यात ते सांगायला मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये लिमिट चालतं अन् एसक्यूएल सर्व्हर या दुसऱ्या डेटाबेसला टॉप लागतं, म्हणून एका जागची क्वेरी दुसऱ्या जागी अडते.

मायएसक्यूएलमध्ये हा एरर १०६४ नंबरचा. इंग्रजी मेसेज लांबलचक दिसतो म्हणून आपल्या इकडचे पोट्टे तो न वाचताच बंद करतात, अन् नेमकं कामाचं तिथंच असतं. त्यात 'निअर' शब्दाच्या पुढे क्वेरीचा जो तुकडा येतो तिथं सर्व्हर अडला, म्हणजे चूक त्या तुकड्याच्या पहिल्या शब्दात किंवा त्याच्या जरासं आधी. समजा जिनिंगवाल्यानं कापसाच्या काटापट्ट्यांचा टेबल केला अन् लिहिलं, सिलेक्ट नाव, गाव, क्विंटल, फ्रॉम काटापट्टी. मेसेज फ्रॉमपासून सुरू होतो, पण फ्रॉम बरोबरच आहे, क्विंटलनंतरचा कॉमा जास्तीचा आहे. निअरपुढे काहीच नसेल तं क्वेरी अर्ध्यातच संपली, बहुतेक ब्रॅकेट बंद करायचा राहिला नाही तं फॉर्ममधला गट नंबर कोणी भरलाच नाही अन् बरोबरच्या चिन्हापुढे जागा कोरी गेली. असं होऊ नये म्हणून व्हॅल्यू क्वेरीत जोडत बसू नये, प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरावं, म्हणजे क्वेरीचा साचा आधी द्यायचा अन् व्हॅल्यू वेगळ्या पाठवायच्या, त्यानं बाहेरच्या माणसाला क्वेरीत घुसताही येत नाही.

राखीव शब्द ही आपल्याकडची खास अडचण. शेतकरी गटाची यादी करताना कॉलमचं नाव हमखास ग्रुप ठेवलं जातं, मालाच्या वर्णनाला डेस्क (डिस्क्रिप्शनचं छोटं रूप, डीईएससी), अन् हे दोन्ही शब्द भाषेनं स्वतःसाठी ठेवलेले आहेत. मायएसक्यूएलमध्ये ते बॅकटिक या उलट्या कोटासारख्या चिन्हात, पोस्टग्रेस या आणखी एका डेटाबेसमध्ये डबल कोटात लिहिता येतात, पण शेतकरी_गट असं नावच ठेवलेलं बरं, दरवेळी कोट कोण आठवत बसणार.

वर्डमधून कॉपी केलेल्या क्वेरीत वाकडे कोट येतात, ते सर्व्हरला कोट वाटतच नाहीत. एकच कोट उघडा राहिला तं मायएसक्यूएलच्या काळ्या खिडकीत कोट अन् बाणाचं चिन्ह येऊन ती नुसती वाट पाहत बसते. लोक समजतात लाइट जाऊन आल्यानं मशीन अटकली. आधी कोट बंद करायचा, मग उलटा स्लॅश अन् सी टाकायचा, की सुटते.

मराठी कीबोर्डावरचा पाच मात्र वेगळाच त्रास देतो. क्विंटलच्या अटीत तो बिनकोटाचा टाकला तं मायएसक्यूएल त्याला कॉलमचं नाव समजतं अन् असा कॉलमच नाही म्हणून १०५४ दाखवतं. व्याकरण बरोबर असतं, म्हणून कॉमे-ब्रॅकेट तपासून काही सापडत नाही, तेवढा आकडा इंग्रजी कीबोर्डावरून टाकला की क्वेरी चालते.