लाकडी गाडी वाकडी का पळते? आसाच्या भोकांचं गणित

सांगली-साताऱ्याकडच्या शर्यतीत धावणाऱ्या छकडीला आस एकच असतो. बैल नेतील तिकडे ती वळते. उतारावरून सोडायच्या छोट्या लाकडी गाडीला मात्र आस दोन, आणि ओढणारं कुणी नाही. पुढचा आस एकीकडे आणि मागचा दुसरीकडे तोंड करून बसला की गाडी ट्रॅकच्या पट्टीला घासत जाते आणि उतारावर मिळालेला वेग घर्षणात संपतो. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियात स्काउटच्या मुलांसाठी अशा छोट्या गाड्यांच्या शर्यती सुरू झाल्या. गाडी घडवायचा ठोकळा ७ इंची, वजन जास्तीत जास्त ५ औंस, म्हणजे सुमारे १४२ ग्रॅम. वजनाची मर्यादा बहुतेकजण गाठतात. खरा फरक आसाच्या भोकांत पडतो.

४५ मिमी रुंद ठोकळ्यातून आरपार मारलेलं भोक पलीकडे ०.८ मिमी सरकून निघालं, म्हणजे राजगिऱ्याच्या दाण्याहूनही कमी, तरी आस एक अंशाने तिरका होतो. दोन आसांत ११० मिमी अंतर असेल, तर गाडी ६.३ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर चालू लागते. एका मीटरवर ती ८ सेंमी बाजूला गेलेली असते, दोन मीटरवर ३२. अंतर दुप्पट झालं की सरक चौपट.

ड्रिलचं बिट, म्हणजे भोक पाडणारी सळई, भरकटतं ते लाकडामुळे. पाईनमध्ये वर्षवलयांचे मऊ आणि कडक थर आलटून पालटून असतात. बिटाच्या टोकाची मधली कड कापत नाही, नुसती दाबते, त्यामुळे ते मऊ थराकडे घसरतं. म्हणून आधी टोच्याने खूण खोल करावी. बिट चकमध्ये, म्हणजे ड्रिलच्या पकडीत, शक्य तितकं आत घ्यावं: बाहेरची लांबी निम्मी केली की ते आठपट ताठ होतं. दर ३-४ मिमीला बिट बाहेर काढून भुसा झाडावा, नाहीतर तो अडकून बिट वाकतं.

आरपार भोक मारूच नये. दोन्ही बाजूंनी २० मिमी खोल अशी चार वेगळी भोकं घ्यावीत, म्हणजे लांब आस दोनऐवजी प्रत्येक चाकाला स्वतःचा छोटा आस, आणि तीही गाडीला आकार देण्याआधी, ठोकळा चौकोनी असतानाच. दोन्ही बाजू समांतर आहेत का ते व्हर्नियरने चारही कोपऱ्यांवर मोजावं, फरक ०.१ मिमीच्या आत हवा. बेंच ड्रिलच्या (स्टँडवर बसवलेल्या ड्रिलच्या) टेबलावर एक सरळ पट्टी क्लॅम्पने आवळावी आणि चारही भोकांना गाडीचा तळ त्याच पट्टीला टेकवावा. मधे टेबलाला हात लावू नये.

या तळाच्या नियमात खरी गंमत आहे. टेबल पट्टीच्या लांबीच्या दिशेने अर्धा अंश कललेलं असलं, तरी ठोकळा उलटताना नाक आणि शेपूट आपोआप अदलाबदल होतात. चारही आस मग सारखेच तिरके, म्हणजे एकमेकांना समांतर राहतात. गाडी किंचित तिरकी दिसेल, पण सरळ पळेल. भोकं अगदी काटकोनात असण्यापेक्षा त्यांचं आपसात जमणं महत्त्वाचं. डावं-उजवं भोक अर्धा मिमी मागेपुढे झालं तरी चालतं. वरखाली झालं तर एक चाक अधांतरी राहतं.

बेंच ड्रिल नसेल तर एमआयडीसीतल्या एखाद्या वर्कशॉपमधून २५ मिमी जाड लोखंडी ठोकळ्यात २ मिमीचं एकच भोक मारून आणावं आणि ते जिग, म्हणजे बिटाला सरळ वाट दाखवणारा साचा, म्हणून वापरावं. जिगची तीच कड दर वेळी खाली ठेवायची.

आसासाठी दीड इंची, १४ गेजचे खिळे पुरतात. ते काचेवर लोळवून पाहावेत. डगमगणारा खिळा अचूक भोकही वाया घालवतो. डोक्याखालचा काठ कानसीने घासून पॉलिश पेपरने गुळगुळीत करावा. चाक आणि ठोकळ्यात अर्धा ते एक मिमी मोकळीक ठेवावी.

शेवटी फरशीच्या सरळ सांध्यावर गाडी दोन मीटर हलकेच सोडून पाहावी. दर वेळी ती एकाच बाजूला ओढत असेल, तर त्याच भोकात पुन्हा बिट घालू नये, ते जुन्याच वाटेने जातं. पुढची किंवा मागची जी जोडी तिरकी असेल, तिची दोन्ही भोकं ६ मिमी मागे किंवा पुढे घेऊन नव्याने मारावीत.