नांदूरमध्यमेश्वरला शाळेची सहल : मुख्याध्यापक, शिक्षक आणि पालकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार. नाशिक आणि आसपासच्या शाळांसाठी निसर्ग-सहली आखणं हा आमचा छोटा व्यवसाय. थंडी सुरू झाली की सर्वांत जास्त विचारणा नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्याची होते आणि फोनवर प्रश्नही बहुतेक तेच असतात. त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पत्रक. पैसे भरण्याआधी वाचावं, ही विनंती. वाचून काही शाळांना वाटेल की ही आपल्याला हवी तशी सहल नव्हे. तसं असेल तर ते आधीच कळलेलं दोघांच्याही सोयीचं.

पहिला प्रश्न मुलांचा असतो : वाघ दिसणार का? नाही. हे पाणथळ जागेचं अभयारण्य आहे. इथे जिप्सी नाही, गर्द जंगल नाही. पाणी, गाळ, गवत, भोवती ऊस-कांद्याची शेतं आणि हजारो पक्षी. वाघाच्या जंगलात मुलं तासन्‌तास गाडीत बसून राहतात आणि वाघ नाही दिसला तर सगळी सहल फुकट गेली असं म्हणत परततात. इथे मुलं पायी फिरतात आणि गाडीतून उतरल्यावर थोड्याच वेळात त्यांच्यासमोर काहीतरी खरंखुरं घडत असतं. पाचवी ते नववीच्या मुलांसाठी आम्हाला हीच जागा जास्त आवडते.

जागा कशी तयार झाली

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा या नद्यांचा संगम आहे. तिथे ब्रिटिश काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, दगडी बंधारा बांधला गेला. वरून, दारणा आणि नंतर बांधलेल्या गंगापूर धरणातून, येणारं पाणी इथे अडवायचं आणि डाव्या-उजव्या कालव्यांनी पुढे शेतीला न्यायचं, असा हेतू. तो आजही चालू आहे. पण नदी नुसतं पाणी आणत नाही, गाळही आणते. शंभर वर्षांत बंधाऱ्यामागे इतका गाळ साचला की कुठे बेटं झाली, कुठे गुडघाभर पाणी राहिलं, कुठे दलदल झाली आणि त्यात पाणवनस्पती माजल्या. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात हा तोटा. बदकांच्या, करकोच्यांच्या हिशेबात मात्र याहून चांगली जागा नाही, कारण त्यांतल्या बहुतेकांना खोल पाणी नकोच असतं.

१९८६ साली हे अभयारण्य घोषित झालं. जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीतली महाराष्ट्रातली पहिली पाणथळ जागा म्हणून त्याचं नाव जाहीर झालं. (१९७१ साली इराणमधल्या रामसर गावी पाणथळ जागांच्या रक्षणासाठी जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याची ही यादी. आपल्या राज्यातून पुढे लोणार आणि ठाणे खाडीही तिच्यात आले.) दोनशेहून जास्त जातींच्या पक्ष्यांची इथे नोंद आहे. राजस्थानातल्या प्रसिद्ध पक्षी अभयारण्यावरून ‘महाराष्ट्राचं भरतपूर’ असंही लोक म्हणतात, पण मुलांना ही उपमा आधी सांगू नका. भरतपूर त्यांनी पाहिलेलं नसतं. त्यांनी नाशिकमधलं गोदावरीवरचं रामकुंड पाहिलेलं असतं.

आम्ही सुरुवात तिथूनच करतो. रामकुंडावरून वाहणारं पाणीच पुढे चांदोरी-सायखेड्यावरून या बंधाऱ्यापाशी येतं. शहराचं सांडपाणीही त्याच वाटेने येतं. पाण्यावर पसरलेली हिरवीगार जलपर्णी पाहून मुलं आधी ‘किती छान!’ म्हणतात. ती एवढी का फोफावली आणि तिला खत कुठून मिळालं, हे काठावर उभं राहून विचारलं की उत्तर त्यांचं त्यांनाच सापडतं. पावसाळ्यात ‘नांदूरमध्यमेश्वरमधून जायकवाडीकडे इतके क्युसेक विसर्ग’ ही बातमी प्रत्येक नाशिककर घरात ऐकली जाते. ते दरवाजे समोर दिसले की नववी-दहावीच्या ‘जलसुरक्षा’ विषयातला अर्धा धडा तिथेच होतो.

मुलं तिथे नेमकं काय करतात

पक्ष्यांची नावं पाठ करणं हा आमचा कार्यक्रम नाही. हे थोडं ठासून सांगतो, कारण काही शिक्षक ‘किमान पन्नास पक्ष्यांची यादी’ मागतात. यादी होते, वहीत राहते आणि परीक्षेनंतर विसरली जाते.

आम्ही दहा-बारा मुलांचा एक गट करतो. प्रत्येक गटाबरोबर आमचा एक माणूस किंवा गावातला प्रशिक्षित गाईड असतो. गटाने एकच पक्षी निवडायचा आणि दहा मिनिटं फक्त त्याच्याकडे बघायचं. चोचीचं काय चाललंय, पाय कुठे आहेत, एकटा आहे की थव्यात, दुसरा जवळ आला की काय करतो, एवढंच लिहायचं. चित्र काढलं तर उत्तम, वाकडंतिकडं चालेल.

पहिली तीन मिनिटं चुळबुळ असते. मग दिसायला लागतं. चमचा नावाचा पांढरा पक्षी चोच अर्धवट उघडी ठेवून पाण्यात डावी-उजवीकडे सारखी फिरवतो. तो बघून मासा पकडत नाही, चोचीला काही लागलं की चोच मिटतो. थापट्या बदकाची चोच पुढे पसरट आणि तिच्या कडेला कंगव्यासारखे बारीक दाते. पाणी आत घ्यायचं, गाळून बाहेर सोडायचं, खाणं आत राहतं. तलवार बदक डोकं खाली, शेपूट वर करून उभं राहिल्यासारखं दिसतं आणि मान लांब असल्यामुळे इतर बदकांपेक्षा खोलवर पोचतं. उघड्या चोचीच्या करकोच्याच्या चोचीच्या वरच्या-खालच्या भागांमध्ये फट असते. मुलांना वाटतं चोच मोडलीय. मग तो गाळातून गोगलगाय काढतो आणि फट कशासाठी ते समजतं. एकाच तळ्यात एवढे पक्षी भांडण न करता कसे पोट भरतात, या प्रश्नाचं उत्तर आम्ही देत नाही. चार गटांनी आपापल्या नोंदी वाचून दाखवल्या की ते वर्गातलंच कुणीतरी देतं.

वारकरी नावाचे पाणपक्षी तर शेकड्यांनी असतात : काळे, कपाळावर पांढरा ठसा, पाण्यात विखुरलेले, आपल्याच नादात. त्यांच्याकडे मुलं फार लक्ष देत नाहीत. पण वरून मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी घिरट्या घालत आला की तेच वारकरी भराभर एकमेकांकडे सरकतात आणि बघता बघता पाण्यावर एक घट्ट काळा पुंजका होतो. हॅरियर पुढे गेला की पुंजका पुन्हा सुटतो. थोड्या वेळाने हॅरियर परत येतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. हे एकदा पाहिलेल्या मुलाला ‘भक्ष्य-भक्षक संबंध’ या शब्दांची व्याख्या फळ्यावर लिहून द्यावी लागत नाही.

हिवाळी पाहुण्यांमध्ये मुलांना सर्वांत आवडतो तो पट्टकादंब. डोक्यामागे दोन काळे पट्टे असलेला हा हंस तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतो. नकाशा बरोबर असतोच. भूगोलाच्या बाईंनी तो हातात घेतला तर आम्ही बाजूला होतो.

दुर्बीण

दुर्बिणी आम्ही देतो, दोन मुलांत एक. त्यांवर ८×४२ असं लिहिलेलं असतं : पहिला आकडा किती पट जवळ दिसतं याचा, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. जास्त पटींची आणा, असा पालकांचा आग्रह असतो. पण पट वाढली की हाताची थरथरही तेवढीच वाढते आणि लहान मुलाला पक्षी सापडतच नाही.

वापरायची रीत शाळेत आधीच शिकवून ठेवलीत तर काठावरचा बराच वेळ वाचतो. पट्टा आधी गळ्यात. मग दोन नळ्या जवळ-लांब करून दोन वर्तुळांचं एक वर्तुळ करायचं. पक्षी आधी नुसत्या डोळ्यांनी बघायचा आणि नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांवर आणायची. बहुतेक जण उलटं करतात, दुर्बिणीतून आकाशभर शोधत बसतात. चष्म्याच्या मुलांनी चष्मा काढायचा नाही, डोळ्यांजवळचे रबरी कप दुमडायचे. सूर्याकडे दुर्बीण कधीही नाही, गंमत म्हणूनही नाही. हे पालकांनी घरी सांगावं, आम्ही तिथे पुन्हा सांगूच.

दिवस कसा असतो

शाळेतून पहाटे साडेपाचला निघायचं. नाशिकहून रस्ता तासा-सव्वा तासाचा. उजाडताना आपण चापडगावच्या बाजूला पोचलेलं असावं, कारण ऊन चढलं की पक्षी सुस्तावतात, शिवाय पाण्यावरच्या झळाळीने काही धड दिसत नाही. सकाळी काठावरची वाट आणि निरीक्षण मनोरा. नऊच्या सुमारास डबा. मग नोंदींचं वाचन, बंधाऱ्याकडे चक्कर आणि दुपारी एक-दीडपर्यंत परत शाळेत.

बस. एवढंच. ‘त्याच दिवसात देवदर्शन आणि वॉटर पार्कही बसवा’ अशी मागणी येते. पैसे तेवढेच, मग दोन ठिकाणं जास्त का नकोत, असा त्यामागचा विचार. आम्ही तशी सहल घेत नाही. संध्याकाळी वॉटर पार्क आहे हे माहीत असलेलं मूल सकाळी पक्षी बघत नाही, ‘आता निघायचं का?’ विचारत राहतं. त्याचाही दोष नाही.

थंडीचं मनावर घ्या. राज्यातलं नीचांकी तापमान म्हणून थंडीत वर्तमानपत्रांत निफाडचं नाव येतं ते उगाच नाही. पाण्याकाठी पहाटे बोचरा वारा असतो. स्वेटर, कानटोपी, बंद बूट हवेतच. कपडे मातकट, हिरवे, खाकी. पांढरे आणि भडक लाल नकोत, म्हणजे शाळेचा गणवेश पांढरा असेल तर त्या दिवशी सूट द्यावी लागेल. डब्यात पोळी-भाजी, थालीपीठ, पराठा, काहीही. वेफर्स-कुरकुऱ्यांची पाकिटं नकोत : कचरा होतो आणि त्यांच्या आवाजाने जवळचे पक्षी उडतात.

सुरक्षा आणि नियम

पाण्यात उतरायचं नाही. वरून साधा दिसणारा गाळ पाय धरून ठेवतो, त्यामुळे या नियमाला अपवाद नाही. भोवतीच्या उसात बिबट्यांचा वावर आहे, म्हणून एकट्याने शेताच्या बाजूला जायचं नाही. लघवीला जायचं असेल तरी गटाच्या माणसाला सांगून, जोडीने. हे वाचून पालकांनी घाबरू नये. इथले लोक रोज शेतात जातात-येतात, तीच काळजी आपण घ्यायची.

मोबाइल मुलांकडे नको. पक्ष्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज वाजवून त्यांना जवळ बोलावणं आम्ही करत नाही, कुणी करायला लागलं तर थांबवतो. ड्रोनबद्दलही विचारू नये. पिसं, शिंपले, अंडी काहीही उचलून आणायचं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालापासून आहे आणि तो प्रकल्पाच्या वहीत चिकटवायच्या पिसालाही लागू होऊ शकतो.

शाळेकडून आम्हाला शिक्षण विभागाच्या परवानगीची प्रत, प्रत्येक पालकाचं सही केलेलं संमतिपत्र आणि मुलांच्या आजारपणाची माहिती लागते. दमा असेल तर पंप मुलाच्या खिशात हवा, दप्तरात नको. मुली असतील तर बरोबर शिक्षिका असायलाच हव्यात. कागद अपुरे असले तर आम्ही बस हलवत नाही.

कधी यावं, आणि पक्षी नसले तर?

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवशी सुरू होऊन डॉ. सालिम अली यांच्या जन्मदिवशी तो संपतो. पुष्कळ शाळांना नेमकी त्याच आठवड्यात सहल हवी असते. आमचा सल्ला वेगळा : त्या आठवड्यात शाळेच्या आवारातले पक्षी मोजा आणि अभयारण्यात डिसेंबर-जानेवारीत या. तोवर पाहुणे पुरेसे आलेले असतात. २ फेब्रुवारीचा जागतिक पाणथळ दिनही चांगला मुहूर्त आहे.

गर्दीचा रविवार टाळता आला तर टाळा. आठवड्यातल्या मधल्या दिवशी तीच वाट निम्म्या आवाजात चालता येते.

पक्षी किती दिसतील याची हमी आम्ही देत नाही. वरच्या धरणांतून आवर्तन, म्हणजे शेतीसाठी पाळीने सोडलेलं पाणी, सुटलं की इथलं पाणी चढतं आणि उथळ पाण्यात चरणारे पक्षी दुसरीकडे सरकतात. म्हणून आदल्या दिवशी आम्ही गावातल्या गाईडला फोन करून पाण्याची पातळी विचारतो आणि काठाची कोणती बाजू घ्यायची ते ठरवतो. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, काही वर्षी येतात, काही वर्षी नाही. फक्त त्यांच्यासाठी येत असाल तर येऊ नका.

नोंदणी

एका सहलीला जास्तीत जास्त चाळीस मुलं. ‘सगळी सहावी, दीडशे मुलं, तीन बस’ असं असेल तर आम्ही तुकड्यांप्रमाणे वेगवेगळे दिवस देतो, दीडशे मुलं एका वेळी काठावर नेत नाही. एसटीची बस घेतलीत तर शैक्षणिक सहलीची सवलत आगारात अर्ज करून शाळेलाच घ्यावी लागते, आम्ही अर्जाचा नमुना देतो. दर वेगळ्या कागदावर सोबत जोडले आहेत. त्यांत गाईडचं मानधन, दुर्बिणी आणि नोंदवही धरलेली आहे, प्रवेश शुल्क वन विभागाच्या त्या वेळच्या दराने वेगळं.

एखाद्या मुलाला पैसे भरणं जमत नसेल तर ते नाव मुख्याध्यापकांनी आम्हाला खाजगीत कळवावं. वर्गात त्याची चर्चा करू नये.

तारीख ठरवताना एकाऐवजी दोन तारखा द्याव्यात. अवकाळी पाऊस किंवा मोठं आवर्तन आलं तर दुसरी तारीख वापरता येते आणि भरलेले पैसे अडकत नाहीत.