उजेड ओळखणारा वायू, आणि सिलिकॉनमधला खड्डा

महाल भागातल्या आमच्या जुन्या घरी मीटरच्या बोर्डावर एक लाल इंडिकेटर आहे. म्हातारा झालाय. रात्री जिन्यातला दिवा बंद केला की फडफडतो, टॉर्च मारली की निमूट जळतो. वायरमन म्हणतो, बदलून टाका. मी बदलत नाही.

आत विरळ निऑन असतो. तो पेटायला सुरुवातीचे थोडे मोकळे इलेक्ट्रॉन लागतात. उजेड पडला की धातूच्या काड्यांतून ते सुटतात; अंधारात त्यांची चणचण. म्हणजे हा दिवा उजेड ओळखतो. सूक्ष्म प्लाझ्मा (विजेने पेटलेला वायू) आणि अर्धवाहक (सिलिकॉनसारखे पदार्थ) यांच्या जोडीतून बनलेल्या प्रकाशशोधकांचं मूळ इथेच आहे.

1887 साली भौतिकशास्त्रज्ञ हर्ट्झला दिसलं, की अतिनील किरण पडले तर ठिणगी सहज उडते. 1905 मध्ये आइन्स्टाइनने कारण सांगितलं. मग वायू भरलेले फोटोसेल आले: एक इलेक्ट्रॉन सुटला, की वाटेत अणूंना धडकून आणखी काही सोडवतो. जुन्या टॉकीजमध्ये फिल्मच्या कडेची ध्वनिपट्टी असेच सेल वाचत. बनारसला प्रा. एस. एस. जोशी यांना मात्र उलटंच आढळलं. विद्युतदाबाखालच्या क्लोरीनवर उजेड टाकला, तर प्रवाह वाढायच्या ऐवजी घटला! हा 'जोशी परिणाम' आपल्याकडेही फारसा कुणाला ठाऊक नाही, याची चुटपुट लागते.

1940 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेच्या रसेल ओल यांना सिलिकॉनच्या एका तुकड्यावर प्रकाश पडताच व्होल्टेज मिळालं. पुढे फोटोडायोड, म्हणजे अर्धवाहकाचे प्रकाशशोधक आले आणि काचेच्या नळ्या भंगारात गेल्या.

वायू परतला तो पाशेनच्या 1889 च्या नियमामुळे. वायू पेटायचं व्होल्टेज त्याचा दाब आणि दोन काड्यांमधलं अंतर यांच्या गुणाकारावर ठरतं. अंतर दहापट कमी केलं तर दाब दहापट चालतो, तेवढ्याच व्होल्टेजवर. खड्डा केसाएवढा असेल तर निर्वाताची कटकटच नको. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात, जिथे 1964 साली टीव्हीसारखा प्लाझ्मा पडदा जन्मला, गॅरी ईडन आणि सहकाऱ्यांनी सिलिकॉनमध्ये उलट्या पिरॅमिडसारखे खड्डे कोरून त्यात निऑन पेटवला. 2002 मध्ये अशाच खड्ड्याने प्रकाश टिपून दाखवला. इंडिकेटरच्या काड्यांसारखा खास लेप नसेल, तर धातूतून इलेक्ट्रॉन काढायला बहुधा अतिनील किरण लागतात. सिलिकॉनला साधा दृश्य प्रकाश, अगदी जवळचा अवरक्तही पुरतो. प्लाझ्माचं तीव्र विद्युतक्षेत्र पृष्ठभागाजवळचे इलेक्ट्रॉन बाहेर ओढतं, पुढची वाढ वायू करतो.

2010 पर्यंत त्याच प्रयोगशाळेने ट्रान्झिस्टरमधला कलेक्टर, म्हणजे इलेक्ट्रॉन गोळा करणारा भाग, काढून त्या जागी प्लाझ्मा बसवला होता.