गोविंदाचा हप्ता सरकार भरतं, मंडळाच्या जबाबदारीचं काय?

दहीहंडी पथकांतल्या ५० हजार गोविंदांचा विमा सरकारी पैशातून उतरवण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२३ मध्ये घेतला. माणशी हप्ता ७५ रुपये, म्हणजे एकूण ३७ लाख ५० हजार. पुढच्या वर्षी गोविंदांची संख्या ७५ हजारांवर गेली आणि खर्च ५६ लाख २५ हजारांवर. २०२५ मध्ये दीड लाख गोविंदांना संरक्षण देण्याचं ठरलं. मृत्यू झाल्यास, कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास किंवा दोन्ही डोळे वा दोन अवयव गमावल्यास १० लाख रुपये, एक डोळा वा एक अवयव गमावल्यास ५ लाख आणि उपचारखर्चापोटी १ लाखापर्यंत, असं या विम्याचं स्वरूप आहे.

योजना चांगलीच आहे. मात्र ती पडलेल्या गोविंदासाठी आहे. हंडी बांधणाऱ्या मंडळावर नुकसानभरपाईचा दावा आला, तर तिचा काही उपयोग नाही. अपघात विम्यात चूक कोणाची हे पाहिलं जात नाही, जखमी माणसाला ठरलेली रक्कम मिळते. मंडळाच्या निष्काळजीपणामुळे तिसऱ्याच कोणाला इजा झाली, म्हणजे मंडपाची कमान बघ्यांवर कोसळली किंवा ध्वनिक्षेपकाच्या उघड्या वायरचा कोणाला शॉक बसला, तर भरपाई देण्याची कायदेशीर जबाबदारी मंडळावर येते. त्यासाठी पब्लिक लायबिलिटी पॉलिसी लागते आणि तिचा हप्ता मंडळाला वर्गणीतून किंवा प्रायोजकाकडून उभा करावा लागतो. सरकारचा पैसा पहिल्या बाजूला आला, दुसऱ्या बाजूला आला नाही. असं का झालं, हे इतिहासात पाहावं लागतं.

पूर्वी हंडी चाळीपुरती होती. पुढे लाखोंच्या बक्षिसांच्या हंड्या लागू लागल्या आणि थर वाढत गेले. ऑगस्ट २०१२ मध्ये ठाण्यात जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थर लावले. १३.३४ मीटरच्या त्या मनोऱ्याची गिनीज बुकात नोंद झाली. त्या काळात विमा उतरवला जाई तो पथकाच्या पदरच्या पैशातून किंवा एखाद्या राजकीय आयोजकाच्या मेहेरबानीवर. आयोजक बदलला की विमाही गेला.

मग प्रकरण न्यायालयात गेलं. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये उंचीला २० फुटांची मर्यादा घातली आणि १८ वर्षांखालच्यांना मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी त्याला स्थगिती दिली, पण २०१६ मध्ये हेच निर्बंध लागू ठेवले. ऑगस्ट २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने उंचीची मर्यादा काढली. १४ वर्षांखालच्या मुलांना थरांत घेतलं जाणार नाही, असं शासनाने न्यायालयाला सांगितलं आणि हेल्मेट, सेफ्टी बेल्ट, गाद्या, रुग्णवाहिका यांची काळजी घेण्याची हमी दिली. उंचीला आता बंधन उरलं नाही आणि सुरक्षेची हमी मात्र शासनाने दिलेली होती. अशा स्थितीत जखमींच्या खर्चाचा प्रश्न शासनाकडे येणारच होता. २०२२ मध्ये दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा देण्याची आणि जखमींना व मृतांच्या वारसांना मदत देण्याची घोषणा विधिमंडळात झाली. वर्षभरात त्या मदतीच्या जागी नियमित विमा आला, तोही क्रीडा विभागामार्फत. माझ्या मते हा मार्ग महत्त्वाचा ठरला. सणाला अनुदान म्हटलं की वाद होतो, खेळाडूच्या विम्याला सहसा कोणी हरकत घेत नाही. पण खेळाडूच्या चौकटीत आयोजक बसत नाही, बघ्या तर नाहीच.

दायित्वाचा, म्हणजे पब्लिक लायबिलिटीचा, इतिहास वेगळ्याच वाटेने आला. भोपाळच्या १९८४ च्या वायुगळतीनंतर पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स कायदा १९९१ मध्ये झाला. नाव ऐकून तो सगळ्यांना लागू असेल असं वाटतं, पण सक्ती आहे ती फक्त घातक रसायनं हाताळणाऱ्यांना. उत्सव मंडळांवर अशा विम्याची सक्ती करणारा केंद्रीय कायदा नाही. जबाबदारी मात्र आहे, आणि ती न्यायालयांनी अधिक ठाशीव केली. एप्रिल २००६ मध्ये मेरठमध्ये एका ग्राहक प्रदर्शनाच्या तात्पुरत्या मंडपाला आग लागून ६५ माणसं गेली. सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०२२ ला भरपाईची जबाबदारी आयोजक आणि राज्य यांच्यात ६० आणि ४० टक्के अशी वाटली. मंडपाचं काम कंत्राटदाराला दिलं होतं, हा आयोजकांचा बचाव टिकला नाही. मंडप डेकोरेटरवर सगळं सोपवून मोकळं होणाऱ्या प्रत्येक मंडळाने हा निकाल वाचायला हवा.

मोठी मंडळं आधीपासून सावध आहेत. किंग्ज सर्कलच्या जीएसबी सेवा मंडळाने २०२५ च्या गणेशोत्सवासाठी ४७४.४६ कोटींचा विमा घेतला. बातम्यांत गाजतो तो एकूण आकडा. त्यातले ३७५ कोटी स्वयंसेवक, पुजारी, आचारी, सुरक्षारक्षक यांच्या वैयक्तिक अपघातासाठी होते, ६७.०३ कोटी दागिन्यांसाठी, सुमारे अडीच कोटी आग आणि जागेसाठी. पब्लिक लायबिलिटीचे ३० कोटी. २०२४ मध्येही ते ३० कोटीच होते, वाढला तो दागिन्यांचा आणि अपघाताचा भाग. गल्लीतल्या मंडळाची पॉलिसी पाहिली तर बहुधा मूर्ती, दागिने आणि आग एवढंच सापडतं.

लहान मंडळांची दुसरी अडचण नोंदणीची. नोंदणी नसलेल्या मंडळाला कायद्याने स्वतंत्र अस्तित्व नसतं. दावा लागला की तो अध्यक्ष, सचिव, खजिनदार यांच्या नावाने लागतो. पॉलिसीही कोणाच्या तरी नावाने काढावी लागते. ती एका पदाधिकाऱ्याच्या नावाने निघाली आणि नोटीस दुसऱ्याला आली, तर कंपनी हात वर करू शकते. म्हणून विमाधारक म्हणून मंडळाचं नाव आणि ‘सर्व पदाधिकारी व स्वयंसेवक’ असा उल्लेख करून घ्यावा.

पॉलिसी हातात आल्यावर आधी दोन आकडे पाहावेत: एका अपघातासाठीची मर्यादा आणि संपूर्ण मुदतीची मर्यादा. मग वगळलेल्या गोष्टी. प्रत्यक्ष थरांत असलेले सहभागी बहुधा वगळलेले असतात, महाप्रसादातून झालेली विषबाधा वेगळी मागून घ्यावी लागते आणि परवानगीच्या अटी मोडल्या असतील तर दावा अडतो. आपल्याकडच्या बहुतेक लायबिलिटी पॉलिसींमध्ये दावा मुदतीच्या आत कळवावा लागतो. उत्सव संपून वर्षाने नोटीस आली आणि दरम्यान नूतनीकरण झालेलं नसेल, तर घटनेच्या दिवशी पॉलिसी होती एवढ्याने भागत नाही. त्यामुळे कोणी साधा पडला तरी घटना लगेच लेखी कळवून ठेवावी.

गोविंदा विम्यातही पैसे अडतात ते कागदांवर. पथकाची नावं आधी यादीत द्यावी लागतात. ऐनवेळी दुसऱ्या पथकातून आलेला मुलगा यादीत नसतो. आधारवरचं नाव आणि यादीतलं नाव जुळत नाही. सराव गुरुपौर्णिमेपासून सुरू होतो, पॉलिसी मात्र तिच्यावरच्या तारखेपासूनच लागू होते, त्यामुळे सरावात पडलेला मुलगा बाहेर राहू शकतो. हंडीचा दोर बांधायला वर चढलेला कार्यकर्ता पथकात नसतो. १४ वर्षांखालचं मूल वर चढवलं असेल तर विम्याचा प्रश्न मागेच पडतो, आधी पोलीस केस उभी राहते. जखमीला रुग्णालयात नेल्यावर पोलीस नोंद, केसपेपर, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड आणि मूळ बिलं जपून ठेवायची. अपंगत्वाच्या दाव्याला सरकारी रुग्णालयाचं टक्केवारीसह प्रमाणपत्र लागतं.

आता महापालिकांकडे येऊ. मंडपाची परवानगी त्याच देतात, आणि देताना मंडळाकडून हमीपत्र लिहून घेतात की काही झालं तर जबाबदारी मंडळाची. मंडळांच्या पब्लिक लायबिलिटी विम्याचा हप्ता स्वतः भरायला त्यांना कायद्याची आडकाठी आहे असं वाटत नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ च्या कलम ६३ मध्ये ऐच्छिक कामांची यादी आहे आणि तिच्या शेवटी सार्वजनिक सुरक्षितता, आरोग्य व सोय यांना पूरक अशा कोणत्याही उपायाला मुभा आहे. इतर महापालिकांसाठी १९४९ च्या अधिनियमात कलम ६६ आहे. अंदाजपत्रकात स्वतंत्र लेखाशीर्ष आणि महासभेची मंजुरी एवढं हवं. पैसे रोख मंडळाला न देता प्रभागातल्या परवानगीधारक मंडळांची एकच समूह पॉलिसी महापालिकेने काढली, तर मंडपाच्या परवानगीचा क्रमांक हाच विम्याचा नोंदणी क्रमांक ठेवता येईल. हमीपत्र आणि पॉलिसी एकाच खिडकीवर मिळतील.