सोलापूरची कविता आणि तिला मिळालेली साथ

सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेतला. मृगाने हूल दिली की आषाढापर्यंत आभाळाकडे बघत बसायचं, हे इथल्या शेतकऱ्याच्या अंगवळणी पडलेलं आहे. शहरात गिरण्या आल्या, भोंग्यावर घड्याळं लागू लागली, तेव्हा पगाराचा तरी भरवसा वाटला. पुढे गिरण्याही बंद पडल्या. अशा गावात कवितेने माणसांना धीर दिला तो कसा, हे पाहायला मागे गेलं की एक गोष्ट ठळकपणे दिसते. इथे जी कविता टिकली, तिला समोरून साथ देणारा कुणीतरी होता. शब्द दुःखाचे असले तरी दहा जणांनी ते उचलून धरले की उभारी येते, आणि सोलापूरच्या कवितेचा इतिहास म्हणजे मला तरी या उचलून धरण्याचाच इतिहास वाटतो.

सुरुवात थेट 12व्या शतकापासून करावी लागते. ग्रामदैवत सिद्धेश्वर, म्हणजे शिवयोगी सिद्धराम, हे स्वतः कवी. त्यांची वचनं, म्हणजे छोट्या भक्तिरचना, कन्नडमध्ये आहेत आणि शेवटी येणाऱ्या ‘कपिलसिद्धमल्लिकार्जुन’ या मुद्रेने, म्हणजे कवीच्या नाममुद्रेने, ती ओळखू येतात. सोलापुरात त्यांनी लोकांना हाताशी धरून तलाव खोदला. तलावाचं काम चालू असतानाच वचनकार संत अल्लमप्रभू त्यांना भेटले आणि पुढे सिद्धराम कर्नाटकातल्या कल्याणच्या (आजचं बसवकल्याण) अनुभवमंटपात, म्हणजे बसवण्णांच्या संतसभेत, गेले, अशी शरणपरंपरा, म्हणजे या शिवभक्तांची परंपरा, सांगते. पाणी साठवणारा आणि शब्द रचणारा माणूस एकच होता, याचं मला फार अप्रूप वाटतं.

त्याच सिद्धरामांच्या जत्रेत आजही कवितेला साथ कशी मिळते ते पाहता येतं. भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यापाशी अक्षता सोहळा होतो. सिद्धरामांचा योगदंड आणि कुंभारकन्या यांचा तो प्रतीकात्मक विवाह. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, उंच नंदीध्वज आणि तलावाच्या काठापर्यंत उसळलेली गर्दी. मानकरी संमती, म्हणजे या विवाहाची कानडी मंगलाष्टकं, वाचू लागतात आणि ‘दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम’ हे शब्द आले की हजारो हातांतून अक्षता पडतात. गर्दीत कानडी कळणारे असतात, न कळणारेही असतात. पण कुठे हात उचलायचा हे सगळ्यांना ठाऊक असतं.

जिल्ह्याच्या दुसऱ्या अंगाला पंढरपूर. मंगळवेढ्याचे चोखामेळा आणि कान्होपात्रा, अरणचे सावता माळी ही सगळी इथली माणसं. त्यांच्या अभंगांत तक्रार आहे, रडणं आहे, देवाशी भांडणही आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारं लोकांसाठी उघडली, ही कथा तर कीर्तनकारांनी गावोगाव नेली. दिंडीत एकाने अभंगाचं चरण म्हणायचं आणि बाकीच्यांनी टाळाच्या ठेक्यावर धृपद धरायचं. पेरणी साधली की नाही ही काळजी मनात असतानाच ही माणसं चालत असतात.

पेशवाईच्या उतरत्या काळातले राम जोशी सोलापूरचेच. तमाशाच्या नादापायी थोरल्या भावाने त्यांना घराबाहेर काढलं, तेव्हा ते पंढरपूरला जाऊन संस्कृत शिकले. पुढे त्यांनी कीर्तनं केली आणि लावण्याही रचल्या. विद्वानांची सभा आणि डफ-तुणतुण्याचा फड हे दोन्ही श्रोते त्यांनी आपले मानले.

आणि मग 1930. गांधीजींना मे महिन्याच्या सुरुवातीला अटक झाली आणि शहर पेटून उठलं. 8 मे रोजी रूपाभवानीजवळ शिंदीची झाडं तोडण्याच्या आंदोलनावर गोळीबार झाला, त्यात शंकर शिवदारे गेले. त्यानंतर काही दिवस पोलीस शहरातून हटले आणि लोकांनीच कारभार पाहिला. 12 मेपासून 30 जूनपर्यंत मार्शल लॉ होता. गांधी टोपी घालून रस्त्यावर निघणं हासुद्धा धोका होता. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि ‘गझनफर’ या पत्राचे संपादक कुर्बान हुसेन या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. त्या दिवसांत सोलापूरच्या घराघरांत सिद्धेश्वराच्या जत्रेची तयारी चालू असते.

सोलापूरचे कवी कुंजविहारी यांची ‘भेटेन नऊ महिन्यांनी’ ही कविता याच पिढीची. फाशी जाणारा तरुण आईला सांगतो, रडू नकोस, नऊ महिन्यांनी मी पुन्हा तुझ्या पोटी येईन. नऊ महिने ही मुदत प्रत्येक बाईला अंगाने ठाऊक असलेली. स्वातंत्र्य कधी मिळेल हे कुणीच सांगू शकत नव्हतं, तेव्हा कवीने आशा अशा हिशेबात मांडली की जो तो आपापल्या घरात तो मनाशी मांडू शकेल. म्हणून मला ही कविता फार मोठी वाटते. ती घोषणा देत नाही, आईची समजूत काढते. ऐकणाऱ्याला त्या आईच्या शेजारी जाऊन बसावंसं वाटतं.

स्वातंत्र्याच्या आसपास हाच धागा बार्शीच्या अमर शेखांनी धरला. त्यांचा जन्म 1916चा, मूळ नाव महबूब हुसेन पटेल. त्यांनी गिरणीत काम केलं, संपात तुरुंग पाहिला आणि पुढे अण्णा भाऊ साठे व द. ना. गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभं केलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा पहाडी आवाज मैदानं भारून टाकत असे. शाहिरीत झीलकऱ्यांचं, म्हणजे मागे उभं राहून सूर धरणाऱ्यांचं, ‘जी जी’ नसेल तर शाहीर अर्धा. मागचे तिघं-चौघं ओळ उचलतात तेव्हा समोरचा संपकरीही नकळत त्यांच्यात सामील होतो.

दत्ता हलसगीकरांची कविता वेगळ्या, शांत प्रकृतीची. ज्यांची बाग फुलली त्यांनी दोन फुलं द्यावीत, असं सांगणारी त्यांची ‘उंची’ शाळांमध्ये प्रार्थनेसारखी एका सुरात म्हटली जाऊ लागली. एकट्याने लिहिलेली कविता मुलांच्या रांगांनी आपली करून टाकली.

कोरोनाच्या काळात नेमकी ही साथच तुटली. 2020च्या आषाढीला पालख्यांच्या पादुका एसटीने पंढरपुरात आल्या, रस्त्यावर दिंड्या नव्हत्या. जानेवारी 2021मध्ये संमती वाचली गेली ती मोजक्या मानकऱ्यांसमोर. कविसंमेलनं मोबाईलच्या पडद्यावर भरली. तिथे दाद उशिरा पोहोचायची, दोघं एकदम बोलले की कुणाचंच धड ऐकू यायचं नाही. तरी माणसं येत राहिली. कवी ओळ दुसऱ्यांदा म्हणायचा आणि खाली भराभर ‘वाहवा’, ‘पुन्हा’ असं उमटायचं. नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेली सोलापूरची मुलंही त्यात असायची आणि आपल्या गावाकडच्या बोलीतली कविता आली की तीच सगळ्यांत आधी लिहायची, ‘पुन्हा म्हणा’.