आजार ‘पीस’मध्ये सुरू झाला

पहाटे साडेचारला मामा ओसरीवर येऊन बसलेले असतात. थंडी असो, पाऊस असो. पाठ भिंतीला, तोंड रस्त्याकडं. चहा नको, बोलणं नको. “अहो, अजून अंधार आहे, पडा की जरा,” असं मामी गेली कित्येक वर्षं सांगतेय. मामांचं उत्तर ठरलेलं: “उजाडू दे, मग पडतो.” आणि खरंच, नीट उजाडलं की ते आत जाऊन तासभर शांत झोपतात.

फौजेत याला ‘स्टँड टू’ म्हणतात. हल्ल्याची भीती उजाडताना आणि मावळताना सगळ्यात जास्त, म्हणून सीमेवरच्या चौकीत त्या दोन्ही वेळी प्रत्येक जवान हत्यार घेऊन आपापल्या मोर्चावर उभा राहतो. मामा २४ वर्षं इन्फंट्रीत होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या वाट्याला युद्ध आलं नाही. कारगिलच्या वेळीही त्यांची पलटण दुसरीकडं होती. वाट्याला आली ती सीमेवरची राखण: दोनदा नियंत्रण रेषा, एकदा सियाचीन, आणि २००२ साली राजस्थानची वाळू.

निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डानं त्यांना चिंताविकार आहे हे मान्य केलं. किती टक्के, तेही लिहिलं. पुढं दोन रकाने होते. आजार लष्करी सेवेमुळे झाला का? सेवेमुळे बळावला का? दोन्हींत ‘नाही’. कारण एका ओळीचं: आजाराची सुरुवात पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून दूरच्या शांत छावणीत, दोष मूळ प्रकृतीतला. ‘नायदर अॅट्रिब्यूटेबल नॉर अॅग्रव्हेटेड’ या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जोडून फौजी माणसं या शेऱ्याला ‘नाना’ म्हणतात. नाना आला की डिसॅबिलिटी पेन्शनचा दावा तिथंच अडतो.

त्या एका ओळीमागं दोन समजुती आहेत. आजार जिथं दिसला तिथंच तो सुरू झाला, ही पहिली. आजार एक तर प्रकृतीतून येतो नाही तर परिस्थितीतून, ही दुसरी. मेंदूचा आणि शरीराचा गेल्या काही दशकांत झालेला अभ्यास पाहिला, तर दोन्ही टिकत नाहीत.

आधी ‘शांतताकाळ’ म्हणजे काय ते पाहू. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि ऑपरेशन पराक्रम सुरू झालं. लाखो सैनिक सीमेवर गेले, दहा महिने समोरासमोर उभे राहिले आणि ऑक्टोबर २००२ मध्ये माघारी आले. युद्ध झालं नाही. तरी या काळात ७९८ जवान गेले, असा आकडा तेव्हाचे संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी संसदेत दिला. त्यातले कितीतरी सुरुंग पेरताना आणि काढताना झालेल्या अपघातांत गेले. सियाचीनमध्ये नोव्हेंबर २००३ पासून शस्त्रसंधी आहे, पण बर्फाशी कसली संधी! फेब्रुवारी २०१६ मध्ये १९,६०० फुटांवरच्या सोनम चौकीवर हिमकडा कोसळला आणि दहा जण गाडले गेले. लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले, पण तेही वाचले नाहीत. गलवानमध्ये जून २०२० ला २० जवान मारले गेले, एकही गोळी न सुटता. कागदोपत्री हा सगळा शांततेचाच काळ आहे.

आता मामांची रात्रीची ड्युटी घ्या. दोन तास सेंट्री. समोर अंधार, गवताची हालचाल, लांबून कुत्र्याचं भुंकणं. बहुतेक रात्री काहीच होत नाही. पण ‘काहीच होत नाही’ हे उजाडल्यावर कळतं, आधी नाही. त्या दोन तासांत मेंदूतला अमिग्डाला हा बदामाएवढा भाग प्रत्येक आवाजाला ‘धोका असू शकतो’ असा शिक्का मारत राहतो. तिथून निरोप निघतो, अॅड्रेनलिन आणि नॉरअॅड्रेनलिन वाढतं, छातीचे ठोके वाढतात, पचन मंदावतं. मागोमाग कॉर्टिसॉल येतं. ही यंत्रणा वाघ दिसला की पळण्यासाठी घडलेली आहे. वाघ गेला की ती उतरायला हवी. सीमेवर वाघ दिसतही नाही आणि जातही नाही.

धोका कधी येणार हे माहीत नसणं, हीच यातली सगळ्यात महाग गोष्ट. अमेरिकन शास्त्रज्ञ जे वाइस यांनी १९७० च्या सुमारास उंदरांवर प्रयोग केले. दोन उंदरांना अगदी सारखे विजेचे झटके. एकाला प्रत्येक झटक्याआधी सूचनेचा आवाज ऐकवला जाई, दुसऱ्याला सूचना नाही. सूचना न मिळणाऱ्या उंदराच्या जठरात कितीतरी जास्त जखमा सापडल्या. झटके तेवढेच होते. फरक एवढाच, की पहिल्याला आवाज नसेल तेव्हा निवांत बसता येत होतं, दुसऱ्याला एक क्षणही निवांत नव्हता. स्नायपरच्या टप्प्यातल्या चौकीवर पाणी आणायला जाणारा जवान या दुसऱ्या उंदराच्या जागी असतो.

नुसतं टक लावून पाहणं हेसुद्धा कष्टाचं काम आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या रडारवर पाणबुड्यांच्या खुणा शोधणारे लोक काही वेळानं चुकू लागत. नॉर्मन मॅकवर्थ यांनी घड्याळासारखं यंत्र बनवून त्याचा माग काढला. काटा टप्प्याटप्प्यानं पुढं सरके, क्वचित एकदम दोन टप्पे उडी मारे, ती उडी पकडायची. पहिल्या अर्ध्या तासातच पकड ढिली पडू लागली. १९४८ मध्ये ते निष्कर्ष छापून आले आणि पुढं कितीतरी प्रयोगशाळांत तेच दिसलं. मन आपोआप सैल पडू पाहतं आणि जवानाला ते जबरदस्तीनं ताणून धरावं लागतं, कारण इथं चूक झाली तर मागं झोपलेल्या दहा जणांच्या जिवावर बेतते.

त्यात झोप नाही. २००७ च्या एका प्रयोगात निरोगी तरुणांना ३५ तास जागं ठेवून त्रासदायक चित्रं दाखवली. झोपलेल्यांपेक्षा त्यांच्या अमिग्डालाची प्रतिक्रिया ६० टक्क्यांनी जास्त होती आणि तिला लगाम घालणाऱ्या कपाळामागच्या भागाशी तिचा संपर्क कमकुवत झाला होता. उंचीवर तर झोपेचाच श्वास अडतो. १८,००० फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा. झोपेत श्वास भराभर चालतो, मग काही सेकंद थांबतो, आणि माणूस दचकून उठतो. पुन्हा तेच. सियाचीनचा जवान झोपतो म्हणजे रात्रभर अशी उठबस करतो.

या साऱ्याचा हिशेब शरीर कुठं ठेवतं? ब्रूस मॅकइवन आणि एलियट स्टेलर यांनी १९९३ मध्ये त्याला एक नाव दिलं, ‘अॅलोस्टॅटिक लोड’. मराठीत साचत जाणारा भार म्हणूया. ताणाची यंत्रणा वारंवार चढली आणि पुरती उतरलीच नाही, तर तिची झीज रक्तदाब, साखर, झोप, स्मरणशक्ती अशा सगळ्यांतून वसूल होते. दुखणं एका रात्रीचं नसतं, म्हणून त्याला एक तारीखही नसते.

तरीही बोर्ड तारीख विचारतं: पहिलं लक्षण कधी, आणि तेव्हा पोस्टिंग कुठं?

चौकीवर सतत सावध असणं, आवाजाला दचकणं, पाठ उघडी न टाकणं हे आजाराचं लक्षण मानलंच जात नाही. तिथं तो चांगल्या जवानाचा गुण असतो. तोच माणूस छावणीत येतो, बायकोमुलं सोबत असतात, आणि दार आपटल्यावर तो जमिनीवर पडतो तेव्हा ते लक्षण ठरतं. आता जागा बदलली, धोका टळला, हे ओळखून देण्यात मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाचा मोठा वाटा असतो. आघातोत्तर ताणविकारात, म्हणजे पीटीएसडीमध्ये, नेमकी हीच ओळख बिघडते. म्हणजे हे दुखणं निवांत जागी आल्यावरच उघडं पडावं, हे त्याच्या स्वभावातच आहे. २००७ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. सैनिकांमधल्या पीटीएसडीच्या साधारण ३८ टक्के केसेसमध्ये पूर्ण आजार उशिरा उभा राहिला होता, पण धुसफुसणारी लक्षणं आधीपासून होती. आधी काहीच नसताना अचानक उशिरा उगवलेला आजार दुर्मीळ निघाला. पीस स्टेशनची नोंद म्हणजे धूर दिसल्याची नोंद. आग कुठं लागली हे तिच्यावरून ठरत नाही.

आणखी एक गोष्ट फौजेतला प्रत्येक जण जाणतो. वैद्यकीय दर्जाची ‘शेप’ नावाची पद्धत असते आणि तिच्यातलं पहिलंच अक्षर मानसिक प्रकृतीचं. तिथं घसरण झाली की बढती, कोर्स, कधी कधी नोकरीच धोक्यात येते. मग झोप येत नाही हे युनिटच्या डॉक्टरला कोण सांगणार? मामांनी अकरा वर्षं सांगितलं नाही.

राहिला प्रकृतीचा मुद्दा. तो खोटा नाही, आणि त्याला डावलून कुणाची बाजू मांडू नये. याचं सगळ्यात चोख उत्तर जुळ्या भावांनी दिलं आहे. अमेरिकेत व्हिएतनाम काळातल्या सैनिकी जुळ्यांची मोठी नोंदवही आहे. तिच्यातून एकसारख्या जुळ्यांच्या ७१५ अशा जोड्या निवडल्या, की ज्यांतला एक भाऊ आग्नेय आशियात गेला आणि दुसरा सैन्यात असूनही तिकडं गेला नाही. रक्त एक, आईबाप एक, बालपण एक. १९९० मध्ये निकाल आला: गेलेल्या भावांत पीटीएसडी १६.८ टक्के, न गेलेल्यांत ५ टक्के. ज्यांनी तुंबळ लढाई पाहिली त्यांचा धोका तर तिकडं न गेलेल्या भावाच्या नऊपट होता. प्रकृती तीच असताना हा फरक आला कुठून?

दुसरा अभ्यास २००२ चा, आणि तो उलट्या बाजूनं बोलतो. मार्क गिल्बर्टसन आणि सहकाऱ्यांनी अशाच जुळ्यांचे मेंदू मोजले. तीव्र पीटीएसडी झालेल्या सैनिकाचा हिप्पोकॅम्पस लहान होताच, पण लढाई न पाहिलेल्या त्याच्या भावाचाही तेवढाच लहान होता. म्हणजे कमकुवत जागा जन्मापासूनची असू शकते. बोर्ड म्हणेल, बघा, प्रकृती! पण त्या लढाई न पाहिलेल्या भावाला आजार झाला नव्हता. कमकुवत जागा दोघांत, भेग एकातच. मातीचं धाबं पातळ असेल, पण गळतं ते पावसानंच.

कायद्यानं हे शहाणपण बऱ्याच आधी ओळखलं होतं. नियमांत ‘सेवेमुळे झाला’ एवढाच पर्याय नाही, ‘सेवेमुळे बळावला’ हाही आहे. १९८२ च्या नियमांनुसार भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार पुढं नोकरी सोडायला लावत असेल, तर तो सेवेत उद्भवला असं सामान्यतः धरायचं, सिद्ध करण्याचा भार जवानावर टाकायचा नाही, आणि शंकेचा फायदा त्यालाच द्यायचा. सिग्नल कोअरचे धरमवीर सिंग १९८५ मध्ये भरती झाले आणि अपस्मारामुळे १९९४ मध्ये बाहेर पडले. त्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०१३ मध्ये हेच नियम ठामपणे लागू केले. बोर्डानं नुसतं ‘संबंध नाही’ लिहून चालणार नाही, कारण द्यावं लागेल.

पण मानसिक आजारांत पारडं डोलतच राहिलं. २०१९ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या एका दाव्यात न्यायालयानं बोर्डाचं मत उचलून धरलं, कारण असा आजार भरतीच्या तपासणीत सापडतोच असं नाही. यात तथ्य आहे. स्किझोफ्रेनिया आणि पीटीएसडी एका तराजूत घालता येत नाहीत, पहिल्यात आनुवंशिकतेचा वाटा खूप मोठा आहे. तरी एकसारख्या जुळ्यांतल्या एकाला तो झाला, तर निम्म्याहून अधिक जोड्यांत दुसऱ्याला होत नाही, हेही विसरता येणार नाही. २०२५ मध्ये दोन निकाल जवानांच्या बाजूनं लागले, एक सियाचीनवर राहिलेल्या अपस्माराच्या रुग्णाचा आणि दुसरा स्किझोफ्रेनियाचाच, बोर्डानं कारणं न दिल्यामुळे. मधल्या काळात २००८ चे नियम आले, आणि १९८२ चं ते सरळ गृहीतक पूर्वीसारखं उरलं नाही. सप्टेंबर २०२३ पासून आणखी नवे नियम आहेत.

लष्करी डॉक्टरांच्या मार्गदर्शक पुस्तिकेत मानसिक आजारांबाबत लढाईचं क्षेत्र, अतिउंच प्रदेश, अगदी एकाकी चौकी यांना मान आहे. अडचण आहे ती आजार तिथंच असताना दिसावा या अपेक्षेची. गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्यांनी २०१५ मध्ये नेमलेल्या तज्ज्ञ समितीनं या फील्ड-पीस भेदावर स्पष्ट टीका केली होती: घरापासून दूर, चोवीस तास शिस्तीत राहणाऱ्या माणसाचा ताण छावणीच्या फाटकावर संपत नाही. मला त्या अहवालाचा हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

सीमा सुरक्षा दलाच्या जवानाची वाट तर आणखी अवघड. शांततेत सीमा राखणं हेच त्याचं मुख्य काम, पण तो गृहखात्याचा. लष्करी पेन्शनचे हे नियम त्याला लागू नाहीत आणि सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं दारही उघडं नाही. त्याला उच्च न्यायालयात जावं लागतं.

उपचार आहेत, आणि उशीर झाला तरी ते लागू पडतात. आठवणींना सुरक्षित जागी, तज्ज्ञाच्या सोबतीनं पुन्हा पुन्हा सामोरं जाण्याची पद्धत त्यात अग्रभागी आहे. टेली मानस या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, आणि सैन्यदलांसाठी पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ पासून वेगळा कक्ष आहे.

मामांचं अपील चालू आहे. वकिलांनी सांगितलं, सगळ्या पोस्टिंगची यादी द्या, साल आणि ठिकाण. मामांनी माझ्या मुलीच्या वहीतला दुरेघी कागद घेतला आणि पट्टीनं रेघा मारून तक्ता केला. दोन रकाने सांगितले होते, त्यांनी तीन आखले. तिसऱ्याला शीर्षक दिलं: ‘झोप, तास’. नियंत्रण रेषा, पहिली खेप: ४. राजस्थान: ३. सियाचीन: तिथं नुसती आडवी रेघ. शेवटची ओळ पीस स्टेशनची. तिथं त्यांनी बराच वेळ पेन धरून ठेवलं आणि मग लिहिलं: ‘७, पण उजाडल्यावर’.